पंधरा हजारांची वजावट

"वहिनी, एक सांगू? पॉलिसी रिन्यू करताना ती वजावट वाढवू नका. हजारचीच राहू दे."

दस्तगीरचाचा माझ्याकडं न बघता बोलत होते. आमच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी आतून एक लोखंडी ठोकळा टेकवला होता आणि वरून लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत होते. मिरज रस्त्यावरच्या त्या गॅरेजात मी सव्वा वर्षात तिसऱ्यांदा आले होते. अडीच वर्षांची रेवा माझ्या कडेवर होती आणि प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होती.

"का हो चाचा? एजंट म्हणतोय, वजावट जास्त घेतली की हप्ता कमी बसतो."

"बसतोय की. पण मग बारीकसारीक पत्र्याचं काम तुमच्या खिशातनं करायला लागतंय."

"ते कळतंय मला."

"मग ठेवा हजारचीच. पत्रा माझ्याकडं येऊ दे."

मी हसले. "म्हणजे तुमचा धंदा चालू राहावा म्हणून मी हप्ता जास्त भरू?"

चाचा हसले नाहीत. हातोडी थांबवून त्यांनी फडक्यानं कपाळ पुसलं, क्षणभर रेवाकडं बघितलं आणि म्हणाले, "तसं समजा."

मी तसंच समजले.

वजावट म्हणजे काय ते ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीचं नुकसान झालं की त्यातली ठरलेली रक्कम आधी आपण भरायची, त्याच्या वरचं विमा कंपनी भरते. ठरलेली रक्कम हजार असेल तर कंपनी जवळपास सगळंच भरते. ती आपल्या मर्जीनं वाढवून पंधरा हजार केली, तर कंपनी हप्त्यात सूट देते, पण पंधरा हजारांच्या आतला प्रत्येक ओरखडा आपला. मी बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलेली मुलगी. लग्नाआधी दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलेलं. घरातलं असलं सगळं ऑनलाइन काम माझ्याकडंच असायचं.

क्लेमचे फॉर्मही मीच भरायची. तिन्ही वेळा एकच वाक्य लिहिलं होतं: 'गाडी पार्क केलेली असताना अज्ञात वाहनाने धडक दिली.'

ते खोटं होतं. बॉनेटवरचे ते खड्डे माझ्या नवऱ्याच्या हातचे होते.

तेव्हा मी त्यांना 'अहो' म्हणायची. आता हर्षद म्हणते. हर्षद तोडकर, ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत एरिया मॅनेजर. राग आला की तो गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, पुढं जायचा आणि दोन्ही मुठींनी बॉनेट बडवायचा. दुधाच्या टँकरनं कट मारला म्हणून एकदा. सासऱ्यांनी फोनवर काहीतरी बोलून दाखवलं म्हणून एकदा. तिसऱ्या वेळी मी म्हणाले होते की रेवाला ताप आहे, आज नको जाऊया. त्या वेळी त्यानं डिकीतून जॅकचा दांडा काढला होता. मी आत बसलेली, समोर काच, काचेपलीकडं तो, आणि दांडा वर जाऊन खाली येतोय. प्रत्येक फटक्याला सगळी गाडी हलायची, आमच्या दातांपर्यंत हादरा यायचा. मागं रेवा तिच्या खुर्चीच्या पट्ट्यांत रडून रडून काळीनिळी. मग तो आत येऊन बसायचा, घाम पुसायचा, एसी वाढवायचा आणि म्हणायचा, "पाणी दे."

मला त्यानं चार वर्षांत बोट लावलं नव्हतं. आईला मी हेच सांगायची. सासूबाई तर सगळ्यांनाच सांगायच्या, "राग हाय आमच्या हर्षदला, पण माणसावर न्हाई काढत. नशीबवान हाय पोरगी."

मलाही तसंच वाटायचं. फक्त रेवा मोठी होत होती. खेळातल्या प्लास्टिकच्या गाडीला ती पाटीनं बडवायला लागली होती, आणि बडवून झालं की मला म्हणायची, "पानी दे."

म्हणून मी विचार केला. बसून, कागद घेऊन केला. राग येणं त्याच्या हातात नसेल, पण खर्च टाळणं त्याच्या हातात होतं. टोल चुकवायला तो बारा किलोमीटर वळसा घेणारा माणूस. आतापर्यंत त्याचा राग विमा कंपनीच्या पैशानं सरळ होऊन, रंग मारून परत येत होता. तोच त्याच्या खिशातून जायला लागला की हात आपोआप थांबेल, असं माझं गणित. सूट अडीच हजारांच्या आतलीच मिळत होती. पण मी सुटीसाठी करतच नव्हते.

मार्चमध्ये त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला.

"अहो, हे बघा. पंधरा हजारांची वजावट घेतली तर हप्ता कमी होतोय."

"तोटा काय?"

"पंधरा हजारांच्या आतलं काहीही झालं तर क्लेम नाही. आपणच भरायचं."

तो बघत राहिला. मला वाटलं, त्याला कळलं मी काय करतेय ते. मग तो म्हणाला, "म्हणजे गाडीला जपायला पाहिजे."

"हो," मी म्हणाले. "जपायला पाहिजे."

"घे मग."

आणि ते लागू पडलं. हे सांगायला हवं, कारण त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते. एप्रिलमध्ये विश्रामबागेत कुणीतरी आमच्यापुढं आडवी स्कूटर लावून गेलं होतं. हर्षद उतरला, पुढं गेला, मुठी वर गेल्या. मी रेवाचे कान झाकले. मुठी तशाच वर राहिल्या. मग त्यानं त्या खाली घेतल्या, स्वतःच्या मांड्यांवर दोनदा जोरात आपटल्या आणि परत येऊन बसला.

"पंधरा हजार," तो म्हणाला, आणि हसला.

मीही हसले. पुढं घरात तो विनोदच झाला. तो चिडला की मी हळूच म्हणायची, "पंधरा हजार हं," आणि तो कधी हसायचा, कधी दुसऱ्या खोलीत जायचा.

दुसऱ्या खोलीतून मग आवाज यायचा. स्टीलचा डबा भिंतीवर. कुकरचं झाकण. पाण्याचा तांब्या. मी नंतर जाऊन आवरायची, तेव्हा लक्षात आलेलं, की फुटणारं काही नसायचं त्यात. काचेचे पेले, मिक्सर, टीव्ही, सगळं जागच्या जागी. एवढ्या रागातही तो निवडून घेत होता. मी ते बघितलं, आणि मनात त्याची नोंद सुधारणा म्हणून केली. एकदा डबा माझ्या कानाजवळून गेला. मला वाटलं, नेम चुकला.

सप्टेंबरातला रविवार. दुपारचा एक वाजला असेल. आम्ही माझ्या मावशीकडं जेवून परत आलो होतो. त्या महिन्यात हर्षद मला गाडी शिकवत होता, म्हणजे मी चालवायची आणि तो शेजारी बसून दात आवळायचा. आमच्या इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग. गाडी मागं घेऊन दोन खांबांमध्ये लावायची.

"मी उतरून सांगतो," तो म्हणाला. "मी थांब म्हटलं की थांबायचं. नुसतं आरशात बघत बसू नकोस."

"बरं."

तो मागं जाऊन उभा राहिला. आरशात दिसत होता. हातानं ये, ये, ये करत होता. मग त्याचा फोन वाजला. त्यानं फोन कानाला लावला आणि दुसरा हात तसाच ये, ये करत राहिला. मी येत राहिले.

आवाज फार मोठा नव्हता. कट्ट, आणि मग करकर. मागचा डावा दिवा आणि मागच्या दाराचा कोपरा खांबात गेला.

रेवा म्हणाली, "लागलं."

मी गिअर काढला, पण इंजिन बंद करायचं विसरले. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. तो मागं काय झालंय ते वाकून बघत होता ते आरशात दिसलं. मग तो गाडीच्या कडेनं चालत पुढं आला. माझ्या खिडकीजवळून गेला तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. बॉनेटसमोर उभा राहिला. मुठी वर गेल्या.

मी खरंच मनातल्या मनात म्हणाले, मार. एकदा मार आणि मोकळा हो.

मुठी वरच थांबल्या. आमच्या दोघांमध्ये काच होती. त्यानं बॉनेटकडं बघितलं. मग काचेतून माझ्याकडं बघितलं. तो विचार करत होता. राग आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असा विचार मी कधी बघितला नव्हता. शांत, बाजारात दोन वस्तू हातात घेऊन बघावं तसा.

मुठी खाली आल्या. तो वळून माझ्या दाराशी आला आणि दार उघडलं.

"उतर."

"अहो, तुम्ही ये ये करत होता म्हणून..."

"उतर."

मी उतरले. त्यानं माझ्यामागं दार लावलं. हळू लावलं, खिडकीची काच खालीच राहिली. मग माझा दंड धरून मला गाडीपासून सात-आठ पावलं लांब नेलं, पलीकडच्या खांबाशी. मला तेव्हाही कळलं नाही, का ते. त्याला गाडीला ओरखडा यायला नको होता. माझ्या हातात बांगड्या होत्या.

पहिला फटका कानावर बसला. आवाज आलाच नाही, फक्त सगळं पांढरं झालं आणि कानात शिट्टी वाजायला लागली, जी पुढं दीड महिना वाजत होती.

"किती येईल खर्च?" त्यानं विचारलं. साध्या आवाजात.

"मला... अहो, रेवा बघतेय..."

दुसरा फटका. तोंडात रक्ताची चव.

"किती येईल? तू शिकलेली आहेस ना. सांग."

"दहा... अकरा हजार."

"क्लेम होईल का?"

मी गाडीतल्या रेवाकडं बघितलं. त्यानं माझे केस धरून डोकं खांबावर आपटलं. तिथं प्लॅस्टर खरखरीत होतं, कपाळाचं कातडं तिथंच राहिलं असं वाटलं.

"बोल. क्लेम होईल का?"

"नाही."

"का नाही?"

"पंधरा हजारांच्या... आत आहे."

"कुणी घेतली ती पॉलिसी?"

"मी."

"हां."

मग त्यानं मुठी वापरल्या. त्या मुठींचं वजन मला चार वर्षं माहीत होतं, पण पत्र्यातून माहीत होतं. पोटात बसली तेव्हा खाली वाकले. पाठीत बसली तेव्हा गुडघ्यांवर आले. डोकं वाचवायला डावा हात वर केला, तर त्यानं तो मनगटाशी धरून पिरगाळला. वाळकं काडूक मोडावं तसा आवाज आला. मी ओरडले असणार, कारण पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. आवटीकाकू. आमच्याकडं दर मंगळवारी विरजण मागायला यायच्या.

"काय झालं हो तोडकर?"

त्यानं हात खाली घेतला. मी खांबाच्या आड होते. "काही नाही काकू. गाडी लागली खांबाला."

"अगं बाई. फार लागलं का?"

"नाही नाही. पत्रा आहे, निघेल."

"बघा बाई," काकू म्हणाल्या, आणि खिडकी लागली.

तो पुन्हा माझ्याकडं वळला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. बॉनेट बडवून झालं की तो असाच दिसायचा, आणि मी वाट बघत होते, आता हा म्हणेल पाणी दे. आता संपेल. पण पत्र्याचा आवाज होतो, हात दुखतात, खड्डा पडलेला दिसतो. माझ्याकडून त्यातलं काहीच त्याला मिळत नव्हतं बहुतेक. त्यानं लाथ मारली. मग आणखी एक.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. रेवा. तिच्या खुर्चीच्या पट्ट्यांत बसून ती पाण्याची स्टीलची बाटली खिडकीच्या काचेवर आपटत होती. तोंड उघडं, रडण्याचा आवाज माझ्या कानातल्या शिट्टीआड. टक, टक, टक.

"ए!" हर्षद ओरडला. "काच फुटेल!"

ती थांबली नाही.

तो तिकडं चालायला लागला. मी बघत होते. त्याची चाल तीच होती, मघाशी माझ्या दाराशी आला तेव्हाची. त्यानं मागचं दार उघडलं, रेवाच्या हातातून बाटली ओढून घेतली आणि जमिनीवर फेकली. मग आत वाकून तिचे पट्टे सोडायला लागला.

"उतर," तो तिला म्हणाला.

त्या शब्दानं मी उठले. डावा हात लोंबत होता. पार्किंगच्या कडेला बागेच्या वाफ्याला तिरक्या विटा लावलेल्या होत्या, निम्म्या मातीत रोवलेल्या. उजव्या हातानं एक हलवून काढली. त्याच्यापर्यंत पोहोचून त्याला मारायची ताकद माझ्यात नव्हती आणि रेवा त्याच्या पुढ्यात होती. पण तो कशासाठी वळतो, ते मला माहीत होतं. माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

मी वीट बॉनेटवर घातली.

पत्र्याचा आवाज सगळ्या पार्किंगमध्ये घुमला. तो दारातून बाहेर आला.

"काय करतीस?"

मी परत घातली. कोपऱ्यावर बसली, रंग उडाला. तिसऱ्यांदा पुढच्या दिव्यावर. दिवा फुटला, काचा पायावर आल्या.

"तृप्ती! वेड लागलं काय तुला?"

"पंधरा हजार झाले का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "का अजून कमी आहेत?"

तो धावत आला. मी त्याच्या विरुद्ध बाजूला सरकले, गाडी मध्ये ठेवून, आणि वीट समोरच्या काचेवर फेकली. काच खाली पडली नाही, पण धाडकन आवाज होऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली, पांढरी झाली. दुसरी वीट उपसून उठले तेवढ्यात त्यानं मागून केस धरले.

पण तोवर वर खिडक्या उघडल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजत होती. मी ओरडले तेव्हा एक खिडकी उघडली होती. काच फुटली तेव्हा इमारत खाली आली. सोसायटीचे चेअरमन बनियनवर, आवटीकाकू, वरचे दोन-चार जण. हर्षदनं माझे केस सोडले.

मी त्यांना कशी दिसले असेन? हातात वीट, तोंडाला रक्त, केस मोकळे, आणि समोर फुटलेली गाडी.

"वहिनी," चेअरमन दोन्ही हात पुढं करून म्हणाले, पिसाळलेल्या जनावराला म्हणतात तसं, "वीट खाली ठेवा. आधी वीट खाली ठेवा."

"बघा हो," हर्षद म्हणाला. त्याला धाप लागली होती. "जरा बोललो गाडी ठोकली म्हणून, तर हे. सकाळपासून असंच चाललंय हिचं."

"डोक्यावर परिणाम झालाय काय?" कुणीतरी हळू म्हणालं.

"बाळंतपणापासून हाय जरा," हर्षद म्हणाला.

मला बोलायचं होतं, पण जबडा उघडत नव्हता. सगळे माझ्याकडं बघत होते. उघड्या दारात रेवा बसली होती, अर्धे पट्टे सुटलेले, एक पाय बाहेर. तिचं रडणं थांबलं होतं. ती एवढ्या माणसांकडं बघत होती. मग तिनं बोट वर केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि घोगरा आवाज काढून म्हणाली,

"बोल. केम होईल का? का नाही? बोल."

आणि मोकळ्या हातानं खुर्चीच्या कडेवर ठोसा मारला. मग दुसरा. मग लाथ. मग पुन्हा, "बोल."

गाडीचं इंजिन अजून चालूच होतं. आवटीकाकूंनी तोंडाला पदर लावला. चेअरमननी एकदा माझ्या लोंबत्या हाताकडं बघितलं, मग खांबाकडं, जिथं प्लॅस्टरवर माझं रक्त होतं, आणि पहिल्यांदा ते हर्षदच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले.

मी वीट खाली ठेवली आणि रेवाला उचललं. एका हातानं. रिक्षा आवटीकाकूंनी थांबवली. त्याही बसल्या आणि दवाखान्यापर्यंत एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मी विचारलं होतं गं, मी विचारलं होतं."

दस्तगीरचाचा चौथ्या दिवशी सिव्हिलला आले. गाडी त्यांच्याकडंच नेली होती. ते कॉटपासून लांब, भिंतीला टेकून उभे राहिले.

"मनगट?"

"प्लेट घातलीय."

"हं."

मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला माहीत होतं."

"तीस वर्षं पत्रा ठोकतोय, वहिनी. गाडीनं गाडीला मारल्यावर खड्डा आडवा पडतो, रंग घासतो. वरनं मारलेला गोल असतो. तुमच्या बॉनेटात बोटांची हाडं दिसत होती."

"मग नीट का नाही सांगितलंत?"

चाचा फरशीकडं बघत म्हणाले, "नीट सांगितलं असतं तर तुम्ही परत आला असता काय माझ्याकडं? दुसरं गॅरेज बघितलं असतं. मग माझी नजर तरी कुठं राहिली असती." थांबून म्हणाले, "मला वाटलं, गाडी मार खातीय तोवर खाऊ दे. चुकलंच माझं. गाडी असली म्हणून काय झालं."

पोलिसांना त्यांनी जबाब दिला. तिन्ही खड्ड्यांचे फोटो त्यांच्या फोनमध्ये होते. त्या खोट्या क्लेमबद्दल मीही जबाब दिला, वकीलबाई नको म्हणत असताना. त्यांनी मला एकदा रागावून सांगितलं होतं, "ते वजावटीचं पुराण कोर्टात लावू नका. वजावटीनं मारलं नाही. त्यानं मारलं." मी मान हलवली. पण रात्रंदिवस ते गणित मी मांडते. हजारचीच ठेवली असती तर? अजून दोन खड्डे, तीन, आणि मी अजूनही आईला सांगत असते, मला बोट लावत नाहीत. आणि रेवा सात वर्षांची झाली असती, काचेतून बघत.

ती सात वर्षांची आहे. आम्ही दोघी इथं आहोत. मी पुन्हा शिकवते. तिच्या शाळेची बस पाच मिनिटं उशिरा आली तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहते, ते जायचं नाही बहुतेक.

घटस्फोट झाला. तडजोडीत शिक्षा कमी होत होत दंडावर आली. गेल्या मे महिन्यात हर्षदनं दुसरं लग्न केलं. तिचं नाव स्वरूपा. चोवीस वर्षांची आहे, डी.एड. झालेली. तिचा नंबर मिळवून मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, ते फार शांत झालेत आता. कशाला म्हणून हात लावत नाहीत." दुसऱ्यांदा फोन त्यानंच उचलला. तिसऱ्यांदा नंबर बंद होता. मी तिच्या दारात गेले तर रेवाच्या ताब्याचा जो अर्ज अजून कोर्टात आहे त्यात ते माझ्याविरुद्ध जाईल, असं वकीलबाईंनी लेखी सांगितलंय. तिच्या माहेरी पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी जयसिंगपूरला राहत असेल, तर रम्यनगरची तिसरी गल्ली, निळं गेट, तळमजला. तो सोमवार ते शुक्रवार फिरतीवर असतो, अकरानंतर जा. चैत्रातलं हळदीकुंकू आहे म्हणा, शेजारच्या गल्लीतून आलेय म्हणा. ती दाराआडून बोलेल, बरं आहे म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. तिला बाहेर पायरीवर बोलवा, उजेडात. हळद लावताना दोन्ही गाल बघा. कुंकू लावताना हनुवटीला हात लावून चेहरा थोडा वर करा. आणि ओटी भरताना तिला दोन्ही हातांनी पदर धरायला सांगा. दोन्ही हातांनी धरता येतोय का, तेवढं बघा.